तक्त्यातला ससा

२०२१ च्या फेब्रुवारीत बायोस्टिम्युलंटचा, म्हणजे पिकाला मारायच्या टॉनिकांचा, नियम आला तेव्हा नाशकात जो भेटेल तो एकच विचारायचा, खर्च किती येणार. त्याआधी सीवीड (समुद्री शेवाळ), ह्युमिक, अमिनो असली जी टॉनिकं द्राक्षाला मारतात त्यांना धड कुठला कायदाच लागू नव्हता, शेड टाकायची, ड्रम आणायचे, बाटल्या भरायच्या, लेबल चिकटवायचं आणि गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्याकडे गाडी फिरवायची. केंद्राने खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये दुरुस्ती केली आणि ही सगळी मंडळी एकदम नियमाखाली आली. ते व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं त्यातल्या एका तक्त्याबद्दल आहे.

नोंदणीसाठी जी माहिती द्यायची त्यात विषारीपणाच्या चाचण्यांचा एक भाग होता. रॅटला तोंडावाटे, रॅटच्या कातडीवर, रॅटला श्वासावाटे, मग सशाच्या कातडीवर, सशाच्या डोळ्यात. शिवाय पक्षी, मासे, मधमाशी, गांडूळ. प्रत्येक चाचणीपुढे प्राण्याचं नाव छापलेलं. समुद्री शेवाळाचा अर्क असो नाहीतर ह्युमिक अॅसिड, प्रत्येक उत्पादनाला हे सगळं. नाशिक, पुणे, सांगली भागात असली उत्पादनं किती आहेत ते कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जाऊन उभं राहिलं की कळतं, भिंतभर बाटल्या असतात.

मी तेव्हा एका छोट्या गटासाठी काम करत होते, ऑफिस दुसऱ्या शहरात आणि मी घरून, गंगापूर रोडला. प्राण्यांवरच्या चाचण्यांना पर्याय असलेल्या पद्धती सरकारी नियमांमध्ये याव्यात यासाठी जे काही कागदी काम लागतं ते आम्ही करतो. म्हणजे राजपत्रात मसुदा निघाला की तो वाचायचा, हरकती-सूचनांची मुदत असते त्यात लेखी म्हणणं द्यायचं, शास्त्रीय पुरावा गोळा करायचा, लॅबवाल्यांशी बोलायचं, अधिकाऱ्यांची वेळ मागायची, परत मागायची. यात फोटो काढण्यासारखं काही घडत नाही, सगळा वेळ पीडीएफ वाचण्यात आणि फोनवर होल्ड करण्यात जातो. तरी मला हे काम मनापासून आवडतं, आणि का आवडतं ते समजायला मी आधी काय करत होते ते सांगावं लागेल.

एम.फार्म. झाल्यावर मी काही वर्षं एका टॉक्सिकॉलॉजी लॅबमध्ये होते. सशाच्या डोळ्याची चाचणी मी स्वतःच्या हाताने केलेली आहे. पांढरा न्यूझीलंड ससा, त्याला कापडात नीट धरायचं, डोळे आधी तपासून ठेवलेले असतात, खालची पापणी हलकेच ओढली की एक खोबण तयार होते त्यात ०.१ मिली द्रव सोडायचा आणि पापण्या साधारण एक सेकंद मिटून धरायच्या म्हणजे बाहेर ओघळत नाही. दुसऱ्या डोळ्यात काही टाकत नाहीत, तो तुलनेसाठी. मग एक तासाने, २४ तासांनी, ४८ तासांनी, ७२ तासांनी टॉर्च लावून बघायचं, बुबुळ गढूळ झालंय का, लाली किती, सूज किती, पाणी येतंय का, आणि प्रत्येकाला आकडा द्यायचा. ही पद्धत १९४४ सालच्या ड्रेझ चाचणीवरून आलेली आहे. २०१२ पासून ओईसीडीच्या (चाचण्यांच्या पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) पद्धतीत आधी बधिरतेचे थेंब आणि वेदनाशामक द्यायची तरतूद आहे, आम्ही ते देत होतो. पण ससा ओरडत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत असतं. तो आखडतो, श्वास भराभर चालतो आणि कान मागे चिकटतात. आणि माझ्या हातून जेवढे शेतीचे सौम्य पदार्थ गेले त्यात बहुतेक वेळा तक्ता भरताना शून्य, शून्य, शून्य, कुठेतरी लालीचा एक. म्हणजे ज्याने काही होणार नाही हे आम्हाला सामू (पीएच) आणि घटक बघूनच जवळपास कळत होतं ते सशाकडून लिहून घ्यायचं.

माझ्याबरोबर नवीन मुलं-मुली लागायची त्यांनी कॉलेजात प्राणी हातात घेतलेलाच नसायचा, कारण फार्मसी कौन्सिलच्या बी.फार्म. अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजीची प्रॅक्टिकल्स आता सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवतात. प्राणीशास्त्राच्या पदवी वर्गातलं डिसेक्शनही २०१४ च्या यूजीसीच्या सूचनेनंतर बंद झालं. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं की बेडूक न फाडता बी.एस्सी. होईल तर लोक हसले असते. ते झालं. कोणीतरी बसून ते परिपत्रक लिहिलं, कोणीतरी त्याचा पाठपुरावा केला, म्हणून झालं. मला त्या "कोणीतरी"मध्ये जायचं होतं म्हणून मी लॅब सोडली.

तर बायोस्टिम्युलंटकडे परत. पहिलं काम म्हणजे हा तक्ता आला कुठून ते शोधणं. वाचता वाचता लक्षात येतं की रचना कीटकनाशकांच्या नोंदणीच्या माहितीसारखीच आहे. कीटकनाशकांना १९६८ चा कायदा आहे, तिथे विषारी पदार्थच नोंदवायचे असल्यामुळे मागणी कडक असणं समजू शकतं. तोच साचा शेवाळाच्या अर्काला लागला. मला तरी यात कोणाचा दुष्टपणा दिसत नाही. नवा नियम करताना जुना नमुना समोर ठेवतात, सगळीच ऑफिसं तसं करतात.

गंमत नाही पण विचार करण्यासारखी गोष्ट अशी की ज्या ओईसीडी पद्धतींनुसार लॅब या चाचण्या करते, प्रत्येकीला क्रमांक असतो, सशाच्या कातडीची ४०४ आणि डोळ्याची ४०५, त्या पद्धतीतच लिहिलंय की आधी उपलब्ध माहिती तपासा, सामू बघा, प्राण्याविना होणाऱ्या चाचण्या करा, आणि त्यातून निर्णय होत नसेल तरच शेवटी ससा. सामू २ किंवा त्याखाली नाहीतर ११.५ किंवा त्यावर असेल तर पदार्थ दाहकच धरतात, बहुतेक वेळा सशापर्यंत जायची गरजच नाही. आणि प्राण्याविना होणाऱ्या चाचण्या म्हणजे काही स्वप्नातल्या नाहीत. कातडीसाठी ४३९ आहे, २०१० पासून, माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवून बनवलेला पापुद्रा असतो त्यावर पदार्थ टाकायचा, धुवायचा, मग एक पिवळं रसायन घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जगल्या तर पदार्थ त्रासदायक. डोळ्यासाठी ४९२ आहे २०१५ पासून, तेही माणसाच्या पेशींचंच, आणि कत्तलखान्यातून आणलेल्या कोंबडीच्या डोळ्यावरची ४३८ आहे २००९ पासून. २०११ मध्ये भारत ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत पूर्ण सामील झाला, म्हणजे आपल्या जीएलपी (चांगल्या प्रयोगशाळा पद्धतीचं प्रमाणपत्र असलेल्या) लॅबने या पद्धतीने दिलेला रिपोर्ट त्या व्यवस्थेतल्या बाकी देशांत चालतो. म्हणजे आपल्या लॅबचा पेशींवरचा रिपोर्ट बाहेर चालणार आणि इथे मात्र ससा मागणार.

आणि आपला स्वतःचा कायदा? प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०, कलम १७, त्यात प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीच्या नियमांनी काय साधायचं ते दिलंय आणि त्यात स्पष्ट आहे की शक्य असेल तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. त्याखाली १९९८ चे नियम आले, प्रत्येक संस्थेत आयएईसी (प्राणी-प्रयोगांचे प्रस्ताव तपासणारी नैतिक समिती) आली, फॉर्म बी आला, त्यात प्राणी का लागणार ते लिहून द्यायचं. पण लॅबच्या आयएईसीत बायोस्टिम्युलंटचा प्रस्ताव येतो तेव्हा कारण म्हणून लिहिलेलं असतं "नियामक गरज". मग पुढे कोणी विचारत नाही, विचारून करणार काय, तक्त्यात ससा छापलाय. लॅब म्हणते कंपनीने मागितलं, कंपनी म्हणते कन्सल्टंटने सांगितलं, कन्सल्टंट म्हणतो नियमात आहे, अधिकारी म्हणतो नियमात आहे ते मी कमी करू शकत नाही. एकेकाचं ऐकलं तर प्रत्येकाचं बरोबर आहे. ही साखळी जशी कळली तसं मला कामही कळलं, की यातल्या कोणाचं मन वळवत बसण्यापेक्षा तक्त्यातले दोन शब्द बदलायला हवेत आणि ते बदलणाऱ्याला भक्कम आधार द्यायला हवा.

त्यासाठी उत्पादकांकडे जावं लागलं. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत बरेच छोटे उत्पादक आहेत. मला वाटलं होतं ते लगेच सोबत येतील, खर्च वाचतोय म्हटल्यावर कोण नको म्हणेल. पण तसं नव्हतं. अंबडला एक काका आहेत, तीस वर्षं या धंद्यात, त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "ताई, तुमचं पटतंय मला. पण माझा माल अडकला तर छाटणी थांबत नाही. सीझन गेला की गेला. ससा तर ससा, माझी फाईल परत येता कामा नये." त्यांच्या टेबलावर टॉक्स स्टडीची कोटेशन्स होती, मी बघितली, त्यात प्राण्याविनाच्या पद्धतीचं एकही नव्हतं. का नाही विचारलं तर म्हणाले कोणी सांगितलंच नाही की असं काही असतं.

तिथे मी बराच वेळ बसले. त्यांनी मला भरणी दाखवली, ह्युमिकचं काळंकुट्ट द्रावण, हाताला लागलं तर नखात दोन दिवस राहतं, आणि ते त्यांचे कामगार रोज हाताळतात. काका म्हणाले, "हे बघा, या पोरांच्या हाताला रोज लागतंय. यांच्या हाताचं कोणी लिहून घेत नाही." हा मुद्दा मी पुढे निवेदनात घातला, की ज्या पदार्थांचा वर्षानुवर्षं वापर आहे त्यांच्या हाताळणीची माणसांवरची नोंद व्यवस्थित जमवली तर तोही पुरावा आहे, आणि ओईसीडीच्या पद्धतीतही उपलब्ध मानवी माहिती आधी बघा असंच म्हटलंय.

त्याच ह्युमिकने एक खरी अडचणही दाखवली. पेशींच्या चाचणीत रंग मोजायचा असतो आणि पदार्थच काळा असेल तर मोजमाप फसू शकतं. हे मला एका लॅबमधल्या सिनियर मॅडमनी विचारलं, जरा टोचूनच, की तुमची ४३९ ह्युमिकला चालेल का सांगा. चालते, कारण २०१५ च्या सुधारणेत गडद रंगाच्या पदार्थांसाठी एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजायची सोय आली आहे. पण ते वाढीव काम आहे, वाढीव खर्च आहे, आणि ते निवेदनात न लिहिता गेलो असतो तर निवेदन वाचणाऱ्या समितीतल्या पहिल्याच शास्त्रज्ञाने आमचा कागद बाजूला ठेवला असता. त्या मॅडमचे मी मनापासून आभार मानले. या कामात टोचून विचारणारी माणसं सगळ्यात उपयोगी.

मग शेतकरी. खरं तर आमच्या गटातल्या काहींना वाटत होतं की शेतकऱ्यांचा यात काय संबंध, हा नियामकाचा आणि लॅबचा विषय. मला पटलं नाही, औषध फवारतं कोण, पैसे भरतं कोण. दिंडोरीकडच्या एका ओळखीच्या बागायतदारांकडे गेले, आसपासचे आणखी काही जमले, थिनिंगचे (घड विरळण्याचे) दिवस होते त्यामुळे बांधावरच बोललो. मी सांगितलं की तुमच्या टॉनिकची चाचणी सशाच्या डोळ्यात करतात. एक आप्पा म्हणाले, "आम्ही काय सशाच्या डोळ्यात टाकू राहिलो का, आम्ही घडावर मारू राहिलो. सशाला काय झालं त्याच्यावरून माझा कंटेनर पास होणार का?"

हा प्रश्न नाशिकच्या माणसाच्याच तोंडून येऊ शकतो. २०१० साली सीसीसी या संजीवकाचे (वाढीवर परिणाम करणारं रसायन) अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली होती ती आठवण इथे अजून ताजी आहे, कित्येक जण त्यात बुडाले. त्यांची भीती अशी की टॉनिकच्या बाटलीत सीवीडच्या नावाखाली दुसरंच काही मिसळलेलं असतं, घड फुगतो, शेतकरी खूश, आणि रेसिड्यूच्या (फळात उरलेल्या रसायनांच्या) रिपोर्टात नको ते नाव येतं. २०२१ च्या नियमात कीटकनाशकाची मर्यादा ०.०१ पीपीएम घातलेली आहे ती यासाठीच आणि ती फार चांगली तरतूद आहे. पण ते सापडतं मशीनवर, रसायनाच्या तपासणीत. सशाच्या डोळ्याला भेसळ कळत नाही. संजीवकाचा एवढासा अंश असला तरी सशाचा आकडा शून्यच येणार.

इथे माझं सगळं म्हणणंच नव्याने मांडावं लागलं. तोवर आमचा मसुदा "प्राण्यांचा त्रास कमी करा" इथून सुरू होत होता. दिंडोरीहून आल्यावर मी पहिलं पान पूर्ण बदललं. आता सुरुवात अशी होती की शेतकऱ्याला आणि ग्राहकाला ज्या धोक्याची खरी भीती आहे तो ओळखायला हा तक्ता अपुरा आहे, उत्पादकाचा पैसा आणि लॅबचा वेळ प्रत्येक बॅचच्या रासायनिक तपासणीकडे वळला पाहिजे, आणि कातडी-डोळ्यासाठी माणसाच्या पेशींवरच्या मान्य पद्धती आहेत त्या घ्या. सशाचा मुद्दा त्यात होताच, सोडला नाही, मी तो कधीच सोडणार नाही. पण तो दुसऱ्या पानावर गेला. आमच्यातल्या एका मैत्रिणीला हे आवडलं नाही, तिचं म्हणणं आपण कशासाठी काम करतो ते पहिल्या ओळीत असलं पाहिजे. आम्ही यावर बरंच भांडलो. तिचा मुद्दा मला आजही चुकीचा वाटत नाही, पण कागद कोण वाचणार आहे हे बघून लिहायचं असतं.

भांडण आणखी एका गोष्टीवर झालं ते जास्त महत्त्वाचं. काहींचं म्हणणं होतं की सरळ मागा, सगळ्या प्राणी चाचण्या रद्द. मी त्याला ठाम विरोध केला. कातडी आणि डोळ्याला मान्य पर्याय आहेत. कातडीवाटे विषारीपणाच्या चाचणीत सूट देता येते, अमेरिकेच्या ईपीएने (तिथली पर्यावरण संरक्षण संस्था) कीटकनाशकांच्या फॉर्म्युलेशनसाठी २०१६ मध्येच त्याचं मार्गदर्शन काढलंय, कारण जुन्या रिपोर्टांची तुलना केल्यावर तोंडावाटेच्या चाचणीपेक्षा वेगळं काही त्यातून निघत नव्हतं. माशांसाठी भ्रूणावरची २३६ आहे २०१३ पासून, ती पूर्ण बदली नाही पण मासे कमी होतात. तोंडावाटेच्या चाचणीत जुनी एलडी-५० ची (निम्मे प्राणी मरतील ती मात्रा शोधायची) ४०१ पद्धत ओईसीडीने २००२ मध्ये काढूनच टाकली, आताच्या ४२३ मध्ये एका टप्प्याला तीनच रॅट लागतात. पण श्वासावाटेच्या चाचणीला आज एका पद्धतीने संपूर्ण पर्याय आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. तिथे आम्ही लिहिलं की पदार्थ उडून जाणारा नाही, थेंब मोठे आहेत, श्वासात जाण्याची शक्यता नाही असं दाखवलं तर सूट मिळावी. इतकंच. जे नाही ते आहे म्हणून सांगितलं आणि उद्या पकडलं गेलं तर ज्या पद्धती खरोखर तयार आहेत त्यांच्यावरचाही विश्वास जातो, आणि त्याची किंमत ससेच मोजतात.

निवेदन तयार व्हायला वेळ लागला आणि मधे मार्च २०२३ मध्ये एक मोठी गोष्ट झाली. नवीन औषधं व क्लिनिकल ट्रायल नियम २०१९ मध्ये केंद्राने दुरुस्ती केली आणि प्राण्याविनाच्या पद्धती, म्हणजे पेशींवरच्या चाचण्या, ऑर्गन-ऑन-चिप (छोट्या चिपवर पेशींनी केलेली अवयवाची नक्कल), कॉम्प्युटर मॉडेल, या नियमाच्या व्याख्येतच घातल्या. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत औषधांसाठी प्राणी-चाचणीची सक्ती काढणाऱ्या एफडीए मॉडर्नायझेशन अॅक्ट २.० वर सही झाली होती. ती बातमी सगळीकडे फिरली, आपली मात्र फारशी कोणी छापली नाही. मला तर आपली जास्त मोलाची वाटली, कारण आता दिल्लीत बसलेल्या माणसाला दाखवता येणार होतं की तुमच्याच शेजारच्या मंत्रालयाने केलंय. कॉस्मेटिक्सचा दाखला होताच, २०१४ मध्ये आधी देशात चाचणीवर बंदी आणि त्याच वर्षी प्राण्यांवर तपासलेल्या मालाच्या आयातीवरही. माणसाच्या कॅन्सरचं औषध पेशींवर तपासलेलं चालतं तर द्राक्षाच्या टॉनिकला ससा कशाला, हे वाक्य मी निवेदनात नाही घातलं, पण बोलताना प्रत्येक ठिकाणी वापरलं.

दिल्लीतल्या ज्या अधिकाऱ्यांशी बोलणं झालं ते विज्ञान शिकलेले होते, त्यांनी कागद वाचलेला होता आणि पेन्सिलने खुणा केलेल्या होत्या. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांनी प्राण्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांचे प्रश्न असे होते, भारतात किती जीएलपी लॅब ४३९ आणि ४९२ करतात, त्यांचं प्रमाणपत्र त्या पद्धतीसाठी आहे का, पापुद्रा कुठून येतो, विमानात अडकला तर काय, आणि रिपोर्टवरून वाद झाला तर कोर्टात मी काय दाखवू. शेवटचा प्रश्न मला फार पटला. सही त्यांची असते. पद्धतीचा क्रमांक, तिची तारीख, मान्यतेची कागदपत्रं, दुसऱ्या भारतीय नियमातला दाखला, हे सगळं एका पानावर असेल तर तो माणूस सही करू शकतो. नुसती करुणा त्याला फाईलवर नोंदवता येत नाही, त्याच्या मनात असली तरी.

पापुद्र्याचा प्रश्न खरंच अवघड आहे. तयार ऊतक बहुतेक परदेशातून येतं, थंड ठेवावं लागतं, काही दिवसांतच वापरावं लागतं, कस्टममध्ये अडकलं की वाया. ससा मात्र लॅबच्या मागच्या खोलीत कायम हजर असतो, आणि या साध्या कारणाने तो स्वस्त पडतो. म्हणून नुसता नियम बदलून भागणार नाही, असलं ऊतक इथे तयार झालं पाहिजे. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संस्थेशी जोडलेलं मानवी मॉडेल्सचं केंद्र आहे, तिरुचिरापल्लीच्या भारतिदासन विद्यापीठात २००९ पासून पर्यायांवर काम करणारं महात्मा गांधी-डोरेनकॅम्प केंद्र आहे, म्हणजे देशात माणसं आणि ज्ञान आहे. नाशकात फार्मसी कॉलेजं आहेत, म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ आहे, एमआयडीसी आहे. चांगली पेशी-लॅब इथे उभी राहू शकत नाही असं मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. मागणी नाही म्हणून लॅब नाही आणि लॅब नाही म्हणून नियमात लिहित नाहीत, हे चक्र कुठूनतरी तोडायलाच हवं आणि माझ्या मते ते नियमाच्या बाजूनेच तुटतं, कारण तक्त्यात "किंवा मान्यताप्राप्त प्राणीविरहित पद्धत" एवढे शब्द आले की दुसऱ्या दिवशी लॅबवाले कोटेशनमध्ये ती ओळ घालतील. मी लॅबमध्ये काम केलंय, मला माहीत आहे.

निवेदनाचं पुढे काय झालं असं सगळे विचारतात. पोच आली, बोलणं झालं, मग लॅबची यादी आणि तुलनात्मक माहिती मागितली, म्हणजे याच प्रकारच्या पदार्थांचे सशाचे जुने रिपोर्ट आणि पेशींवरचे रिपोर्ट शेजारी ठेवून. मागणी रास्त आहे. जुने रिपोर्ट कंपन्यांच्या कपाटात बंद असतात आणि कंपन्या ते दाखवत नाहीत, तोच माल शेजारच्याचा असतो ना. यासाठी मी परत अंबडच्या काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, फाईल काढली आणि नाव-फॉर्म्युला झाकून डोळ्याच्या चाचणीचा तक्ता झेरॉक्स करून दिला. वर म्हणाले सातपूरच्या दोघांना मी बोलतो, ते मला नाही म्हणणार नाहीत. त्यांच्यामुळे आणखी काही रिपोर्ट आले. मी ते ओळीने मांडले तर तेच, शून्य, शून्य, क्वचित लालीचा एक आणि तोही ७२ तासांत गेलेला. हा आमच्याकडचा मूठभर नमुना आहे, त्यावरून मोठा दावा मी करत नाही, पण यातलाच एखादा पदार्थ घेऊन एका जीएलपी लॅबमध्ये ४९२ ने तपासायचा आणि दोन्ही रिपोर्ट एकत्र पाठवायचे असं ठरलं. खर्चाचा अर्धा भाग उत्पादकांनी वाटून घेतला आहे, बाकीचा आमचा गट देतोय.

ह्युमिक मुद्दाम घेतलंय, काळं म्हणूनच. सोपा पदार्थ घेऊन चांगला रिपोर्ट आणला असता तर त्या सिनियर मॅडमनी पहिला फोन मलाच केला असता. लॅबने ऊतकाची ऑर्डर दिली आहे, एचपीएलसीची पद्धत आधी बसवून घेणार आहेत, आणि काकांनी सॅम्पलची बाटली सील करून लॉट नंबर टाकून स्वतः कुरिअरला दिली. त्यांना मी सांगितलं की रिपोर्ट उलटा आला तरी तो तसाच दिल्लीला जाणार. ते म्हणाले, "उलटा आला तर मला आधी सांगा, माझी पोरं रोज हात घालतात त्यात."